माईक ‘साहेबांना’ या शब्दावर गेला

पर्यटन महोत्सव समितीचे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार आणि तमाम सभासद यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र उघडं लिहिते आहे, कारण २८ डिसेंबरला बंद पाकिटातून दिलेलं पत्र कार्याध्यक्षांच्या दुकानात गल्ल्याशेजारी पडून आहे आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवलेला मी स्वतः पाहिला. म्हटलं, आता गावानेच वाचावं. तुमच्यातल्या निम्म्यांना मी आठवी ते दहावी मराठी शिकवलं आहे. मधेच ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरले तर राग मानू नका.

महोत्सव चांगला झाला, हे आधी सांगते. यंदा वाळूवर फळ्या टाकल्यामुळे खुर्च्या रुतल्या नाहीत. बचत गटाच्या बायकांच्या आंबोळ्या आणि घावने आठ वाजताच संपले. २०११ पासून रुंद होत असलेल्या महामार्गावरून हाडं खिळखिळी करून आलेली माणसं इथे येऊन हसली, पोरं वाळूत लोळली, ते बघून कोणालाही बरंच वाटेल. आकाशकंदील तर फार सुंदर होते. आमच्या वाडीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी केलेल्या चांदण्या तुम्ही मागून आणल्यात आणि मंडपाला लावल्यात, हे मला विशेष आवडलं. त्यांच्या घरच्या नेवऱ्याही मी खाल्ल्या, दोन जास्तच.

माझी तक्रार २६ तारखेच्या संध्याकाळची आहे. कविसंमेलनाची.

नोव्हेंबरात तुम्ही घरी आलात. ‘बाई, तुम्हीच निवेदन करा, तुम्हीच कवी जमवा’, म्हणालात. मी जमवले. सात जण, त्यातले चौघे या किनाऱ्यावरचेच. मग डिसेंबरच्या सुरुवातीला तुमचा कागद आला. ‘राजकीय, धार्मिक किंवा वादग्रस्त आशयाच्या कविता सादर करू नयेत. पर्यटकांचा विरस होईल असे विषय टाळावेत. सर्व कवितांच्या दोन प्रती १५ तारखेपर्यंत जमा कराव्यात.’ विरस हा शब्द बरोबर लिहिलात, त्याबद्दल अर्धा गुण. दोन प्रती मी दिल्या. त्यातली एक खजिनदारांकडे गेली. दुसरी मंडप डेकोरेटरकडे कशी पोचली ते देव जाणे, पण त्याने त्या वाचल्या आणि मला फोन करून ‘तिसरी मस्त आहे’ म्हणाला. तुमच्याकडून वाचनाचा तेवढाच पुरावा मिळाला.

नाही, आणखी एक मिळाला. आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘तुतारी’ म्हणायचं ठरवलं होतं. सत्तरी उलटलेला माणूस, अख्खी कविता तोंडपाठ, दात थोडे हलतात म्हणून घरी आठ दिवस सराव चाललेला. त्यांना निरोप गेला की तेवढी तुतारी नको, ती एका पक्षाची निशाणी आहे. मला आधी ही चेष्टाच वाटली. केशवसुत आपल्या मालगुंडचे, जन्म १८६६ चा. तुतारी त्यांनी १८९३ साली लिहिली. निवडणूक आयोगाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह वाटलं २०२४ च्या फेब्रुवारीत. म्हणजे कवी एकशे एकतीस वर्षं आधीच आचारसंहितेचा भंग करून बसला होता! या न्यायाने कमळ गेलं, मशाल गेली, धनुष्यबाण गेला, घड्याळ गेलं. हात तर वर करायचाच नाही. कोकण रेल्वेवर लिहायचं तर इंजिन वगळून लिहा. माडाफणसावर लिहावं म्हटलं, तर तेही कुठल्या तरी अपक्षाने नेले असतील.

सरांनी शेवटी पावसाची कविता वाचली. भर डिसेंबरात. लोकांनी टाळ्याही वाजवल्या, कारण सर सगळ्यांचे लाडके. पण खाली उतरताना ते मला म्हणाले, ‘बाई, आज मला कॉपी करताना पकडल्यासारखं झालं.’

आता त्या मुलीबद्दल.

अकरावीत आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. वडिलांची छोटी होडी आहे, आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते. ती पाचवी आली, चौथी आली असती तर बरं झालं असतं, कारण पाचव्या कवितेच्या वेळीच पाहुण्यांच्या गाड्या येऊन लागल्या आणि पहिली रांग भरली. हातात वहीचं फाडलेलं पान, पानाची कड तशीच दातेरी. तिने वाचायला सुरुवात केली.

बाबांची होडी लागली की आई
आधी टोपली उचलून बघते, मग बाबांकडे.
टोपली हलकी असली
तर ती काहीच विचारत नाही,
पाण्याचा तांब्या पुढे करते.

मंडप शांत झाला. मागे कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, त्यानेही हात ठेवून ती थांबवली. पोरगी पुढे म्हणाली,

पंधरा वावांत रोज रात्री दिवाळी असते.
ती कोणाची, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे.
साहेबांना

आणि माईक गेला. ‘साहेबांना’ या शब्दावर. दिवे चालू होते, पंखे चालू होते, फक्त माईक गेला. चार सेकंदांत स्पीकरवर कोळीगीत लागलं. मुलगी थोडा वेळ तशीच उभी राहिली, तिला वाटलं वीज गेली. मग तिने कागदाची चौपदरी घडी केली आणि चपला हातात घेऊन मागच्या पायऱ्यांनी उतरली. चपला का हातात घेतल्या, हे मला अजून कळलेलं नाही. आवाज होऊ नये म्हणून असेल.

मी मागे गेले. मशीनवर बसलेला मुलगा माझाच विद्यार्थी, सांगण्याएवढा मोठा नाही. त्याच्या बाजूला तुमचे एक सभासद होते. ते म्हणाले, ‘बाई, जरा समजून घेवा. साहेब समोर बसलेले. लोक इचारतले, खयचे साहेब? आणि लोक सुटयेक इलेले आसत, त्यांका हलक्याफुलक्या कायतरी होया.’

कवितेत कोणत्याही साहेबांचं नाव नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि ती दिवाळी कसली, हे पर्यटकांसाठी सांगते, तुम्हाला सांगायची गरज नाही. वाव हे पाण्याच्या खोलीचं माप. तिथे प्रखर दिवे पाण्यावर सोडून रात्री मासळी एका जागी गोळा करतात आणि जाळं ओढतात. या प्रकाशाच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे. पर्ससीनवाल्यांसाठी, म्हणजे मासळीच्या थव्याला मोठं जाळं घेरून टाकणाऱ्यांसाठी, राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला, त्यात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढे चारच महिने दिले. म्हणजे ३१ डिसेंबर ही तुमच्या पत्रिकेवर ‘फटाक्यांची आतषबाजी’ असली, तरी बंदरावर ती एक मुदतीची तारीख आहे. छोट्या होडीवाल्याच्या घरात त्या रात्री बारा वाजता काय मोजतात ते एकदा जाऊन बघा. मुलीने जे लिहिलं ते सरकारच्या आदेशातलंच आहे, फक्त भाषा बरी आहे.

आणि कोळीगीत! तेवढं लावायचं नव्हतं. आपल्याकडे मासेमारी करतात ते गाबीत. मंचावर मात्र दरवर्षी मुंबईच्या कोळ्यांचा पेहराव, हातात प्लास्टिकची पापलेटं आणि ‘पारंपरिक नृत्य’. होडीवर नाचलेलं चालतं, होडीवाल्याच्या पोरीने बोललेलं चालत नाही.

बरं, समितीला राजकारणच नको आहे, असं मानून मी गप्प बसलेही असते. पण पुढचं ऐका, तुम्ही तिथेच होतात, तरी ऐका. सात वाजून पन्नास मिनिटांनी सत्कार सुरू झाला, तो नऊ वाजून पाच मिनिटांनी संपला. शाली संपल्या, मग नारळावर भागवलं. चार भाषणं झाली. एकात विरोधकांनी काय खाल्लं ते होतं, दुसऱ्यात कोणी किती निधी आणला ते, तिसऱ्यात येत्या निवडणुकीत बोट कुठे ठेवायचं ते अगदी हात वर करून दाखवलं. चौथं मी ऐकलं नाही, मी त्या मुलीला शोधायला गेले होते. सातही कवींना मिळून बावीस मिनिटं मिळाली होती. मी घड्याळ लावलं होतं, सवय आहे, परीक्षेचा तास घेणाऱ्याची ती जात नाही. माझा साधा प्रश्न आहे, खजिनदारांनी उत्तर द्यावं. त्या चार भाषणांच्या दोन-दोन प्रती १५ तारखेपर्यंत जमा झाल्या होत्या का?

‘सुट्टीत हलकंफुलकं’ यावर मात्र मला जरा बोलायचं आहे, कारण हे वाक्य तुम्ही दरवर्षी म्हणता आणि दरवर्षी मी ऐकून घेते.

या किनाऱ्यावर डिसेंबरचा शेवटचा आठवडा कधी हलका नव्हता. २४ डिसेंबरला साने गुरुजींचा जन्म, १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. त्यांची प्रार्थना तुमच्या उद्घाटनाला शाळेच्या पोरींनी म्हटली आणि पाहुण्यांनी डोळे मिटून ऐकली. तिथे कोणाला राजकारण दिसलं नाही. तोच माणूस १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसला होता, विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून. गाणं घ्यायचं आणि गाणाऱ्याचं उपोषण गाळायचं, अशी ती सोय आहे.

दुसऱ्याच दिवशी २५ डिसेंबर. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी सत्याग्रह परिषद भरवली. मुंबईची मंडळी बोटीने निघाली आणि दासगावच्या बंदरात उतरून चालत महाडला गेली. मंडपाला जागा द्यायला गावात कोणी तयार होईना, ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. त्या रात्री तिथे मनुस्मृती जाळली. नाताळचेच दिवस होते, हीच थंडी, हीच भरती-ओहोटी, सावित्री नदीचा काठ. पुढे तोच विचार जलसेवाल्यांनी पेटी आणि ढोलकीवर घालून गावोगाव नेला, कारण भाषण विसरतं, चाल विसरत नाही. माझ्या सासऱ्यांना, जे कधी कुठल्या सभेला गेले नव्हते, एका जलशातली दोन कडवी शेवटपर्यंत येत होती. कुठे ऐकली ते मात्र आठवत नव्हतं.

आणि तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर कोणाची ओळ होती? पाडगावकरांची, प्रेमाची. छान होती, गुलाबी अक्षरांत. पाडगावकर वेंगुर्ल्याचे आणि गेले तेही याच आठवड्यात, ३० डिसेंबर २०१५ ला. त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८० साली मिळाला तो ‘सलाम’ या संग्रहाला. तो कसला आहे ते समितीतल्या एकाने तरी वाचून बघावं. मी देते, माझ्याकडे आहे. गुलाबी अक्षरांत छापता येणार नाही एवढं आधीच सांगते.

आता जरा वेगळं. २९ तारखेच्या रात्री आपल्या देवळात जत्रा होती. तुम्ही सगळे होतात, मीही होते, शाल गुंडाळून, शेंगदाण्याची पुडी घेऊन. तुळशीचं लग्न झालं की या जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे दशावतार उभा असतो, तसा आपल्याकडेही होता. हल्ली आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, गुंडाळतात, लोकांना थेट आख्यान हवं असतं, पण त्या रात्री कंपनीच्या मालकांनी तो नीट लावला, हे आपलं भाग्य. साडेबाराला वेद चोरणारा शंखासुर आला. काळा वेश, तोंडावर काळं कापड. बाकीचे देव छापील मराठीत बोलणार आणि हा एकटा मालवणीत, ही त्याची हजार पिढ्यांची सवलत. देवाने विचारलं, ‘हे दुष्टा, वेद कोठे दडविलेस?’

तो म्हणाला, ‘दर्यात टाकलंय. पन आता गावाचे नाय. लाईटवाल्यांनी रातीच गोळा केल्यानी. वेदांवांगडा बांगडो, पेडवो, सगळा!’

देऊळ हसायला लागलं. तो थांबला, पहिल्या रांगेकडे मान वाकडी करून बघितलं आणि पखवाजवाल्याला म्हणाला, ‘पुढला सांगलंय असता, पन माईक जायत.’

पखवाजवाल्याने थाप मारली ती इतकी अचूक, की हसणं थांबेचना. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? कार्याध्यक्ष, तुम्ही. डोळे पुसलेत. पाचशेची नोट पाठवलीत आणि पेटीवाल्याने तुमच्या नावानिशी बक्षीस पुकारलं. माझ्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याने मला कोपराने ढोसून विचारलं, ‘बाई, ह्योच काय तो?’ मी म्हटलं, हो, हाच तो.

तर मला त्या पाचशेच्या नोटेचा हिशेब हवा आहे. जे तीन रात्रींपूर्वी माईकवर वादग्रस्त होतं, ते देवळासमोर विनोदी कसं झालं? अकरावीतल्या पोरीने हळू आवाजात म्हटलं म्हणून? तिच्या तोंडावर काळं कापड नव्हतं म्हणून?

माझा अंदाज आहे की तुम्हाला शंखासुराची सवय आहे. तो दरवर्षी येतो, दरवर्षी मरतो, सकाळी दहीकाला होतो आणि सगळे घरी जातात. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. त्याच्या बोलण्याचा कागद नसतो. मागच्या वर्षी तुम्ही महोत्सवात दशावताराला एक तास दिलात आणि कंपनीच्या मालकांकडे संहिता मागितलीत, आठवतं? ते बिचारे गोंधळून म्हणाले, ‘संहिता? ती रंगपटात बसान ठरता.’ इंग्रजांची हीच अडचण होती. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ लिहिलेलं होतं, छापलेलं होतं, म्हणून ते १९१० साली बंद करता आलं. कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसतो हे साहेबांना कळायला तीन वर्षं लागली एवढंच. तुम्हाला त्या मानाने लवकर कळलं, चार सेकंदांत.

पण सगळ्यांनी शंखासुराचं सोंग घ्यावं असं नाही ना. कोणाला तरी आपल्या तोंडाने, आपल्या नावाने, वहीच्या पानावरून बोलायचं असतं. त्यासाठीच तर तुम्ही त्या दीड तासाला कविसंमेलन हे नाव दिलंत. तिथे तुम्हाला फक्त निसर्ग हवा असेल तर तसं छापा: ‘माड, लाटा व सूर्यास्त, सादरकर्ते स्थानिक कवी.’ मी निवेदन करणार नाही, पण येऊन बसेन, शेवटच्या रांगेत.

पुढच्या वर्षी कविसंमेलन ठेवायचंच असेल, तर तो अटींचा कागद काढू नका. काढलात तर पाहुण्यांनाही द्या, त्यांच्या सहीसह परत घ्या. माईकचं बटण निवेदकाच्या हाताशी असू दे. एखादी कविता खरोखर वाईट असली, आणि असतात, तर मी स्वतः बंद करीन, मला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. वेळेचं कारण सांगू नका. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही हा नियम मलाही माहीत आहे, आणि वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते हेही. ती सूट तुम्ही ३१ तारखेच्या डीजेसाठी मिळवलीत तेव्हा कागदपत्रं किती झटपट झाली! कवींना सूट नको आहे. त्यांना माईक नसला तरी चालतं, शंखासुराच्या आजोबांकडे कुठे होता. पण दिलेला माईक मधेच काढून घ्यायचा, हे आपल्या गावात पूर्वी होत नव्हतं.

आणि त्या मुलीच्या घरी जा. फोन करू नका, जा. दुपारी तीननंतर जा, वडील जाळी दुरुस्त करत ओसरीवर असतात. सत्काराची शाल नेऊ नका. ती घरात घेतील, पण दाराला लावतील, वारा येतो म्हणून. समितीच्या खर्चाने जाऊ नका, चालत पाच मिनिटं आहे. मी परवा गेले होते. आईने चहा दिला, मुलगी आतून आली नाही. मग आली आणि कागद माझ्याकडे दिला, ‘बाई, तुमच्याकडेच ठेवा’ म्हणून. तो माझ्यासमोर आहे, अजून चौपदरीच आहे.

तुमच्या दोन्ही प्रतींत हे होतं, पण कोणी वाचलेलं दिसत नाही. डेकोरेटरला ‘मस्त’ वाटलेली तिसरी हीच. ‘साहेबांना’च्या पुढे असं आहे:

साहेबांना विचारायला बाबा गेले,
तेव्हा साहेब जेवत होते.
बाबा म्हणाले,
जेवा सावकाश, मी थांबतो.

आपली,
मराठीची बाई
(तुमच्यातल्या निम्म्यांची वर्गशिक्षिका)
३ जानेवारी